निकेल-क्रोम प्लेटिंगचं सांडपाणी मेंब्रेनने कसं साफ करायचं: दिवसाला १० घनमीटरच्या प्लँटचा हिशोब

भोसरी, वाळूज, अंबड, वसई इथल्या गाळ्यांत असतो तसा मध्यम कारखाना धरा. निकेल-क्रोमची एक लाइन, झिंकची बॅरल (छिद्रांचं फिरतं पिंप) लाइन, डिग्रीसिंग (तेल काढणं) आणि पिकलिंगच्या (ॲसिडने गंज काढायच्या) टाक्या, दिवसाला साधारण १० घनमीटर सांडपाणी. ८ तासांची शिफ्ट धरली तर ताशी १.२५ घनमीटर. खालची सगळी मापं याच कारखान्याची आहेत.

मेंब्रेन घ्यायला निघालेल्या बहुतेकांची समजूत असते की ते बसवलं की धातू अडतो. ०.१ मायक्रॉनचं मायक्रोफिल्ट्रेशन फक्त घन कण अडवतं. विरघळलेलं निकेल, क्रोम, जस्त त्यातून पाण्यासारखंच पार होतं. आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) विरघळलेलं अडवतो, पण त्याला घाण, तेल, क्लोरीन किंवा हेक्झाव्हॅलंट क्रोम (क्रोमचा पिवळा, विषारी प्रकार) यातलं काहीच सोसत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी रसायनाने धातूचा हायड्रॉक्साइड करायचा, तो मायक्रोफिल्ट्रेशनने गाळायचा आणि मग उरलेले क्षार आरओने काढायचे. पहिली पायरी कच्ची राहिली तर पुढच्या दोन्ही ठिकाणचे पैसे वाया जातात.

आधी पाणी कमी करा

बाथमधून (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीतून) जॉब (प्लेटिंगची वस्तू) वर काढला की त्याला चिकटून जे द्रावण येतं ते ड्रॅग-आऊट. समजा ते ताशी २ लिटर आहे आणि धुतल्यावर ते हजारपट पातळ व्हायला हवं. एकाच वाहत्या टाकीत धुतलं तर ताशी २,००० लिटर पाणी लागेल. दोन टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या, म्हणजे पाणी शेवटच्या टाकीत शिरतं आणि पहिलीतून बाहेर पडतं, तर सुमारे ६३ लिटर पुरतं. तीन टाक्यांत २० लिटर. प्रत्यक्षात ढवळणं अपुरं असतं, त्यामुळे दीडपट-दुप्पट धरा. तरीही दोन जादा टाक्यांचा खर्च मेंब्रेनच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

रॅक (जॉब टांगायची चौकट) बाथवर किती वेळ थांबतो ते एकदा घड्याळ लावून बघा. बहुतेक ठिकाणी तो ३-४ सेकंदांत पुढे सरकतो. थेंबांची धार तुटून थेंब एकेक पडायला लागेपर्यंत, म्हणजे १०-१५ सेकंद, थांबवला तर ड्रॅग-आऊट बराच कमी होतो. बॅरल असेल तर ती बाथच्या वरच एक-दोनदा अर्धी फिरवून निथळू द्या. भोकांत आणि जॉबच्या खोबणीत अडकलेलं द्रावण तेव्हाच सुटतं.

प्रवाह वेगळे ठेवा

निदान चार नळ्या वेगळ्या हव्यात: क्रोमचं धुणं, निकेलचं धुणं, सायनाइड असेल तर त्याचं धुणं, आणि ॲसिड-अल्कलीचं बाकी पाणी. सायनाइडचं पाणी ॲसिडच्या पाण्याला कुठेही भेटता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू होतो आणि तो माणूस मारतो. पिट (सांडपाण्याचा खड्डा) एकच असेल तर मेंब्रेनचा विचार नंतर, आधी पिट फोडून वेगळे करा.

जुने, खराब झालेले बाथ थेट लाइनमध्ये सोडू नका. एका ड्रममध्ये साठवून रोजच्या प्रवाहाच्या १-२ टक्के या हिशोबाने डोसिंग पंपाने थोडे थोडे सोडा. शनिवारी संध्याकाळी एकदम टाकी रिकामी केली की सोमवारी ऑपरेटर मेंब्रेनला दोष देतो.

इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय चढवलेलं) निकेल आणि अल्कलाइन झिंक-निकेलचं पाणी तर मुळीच मिसळू नका. त्यातल्या सायट्रेट, अमाइन, अमोनियासारख्या पदार्थांनी धातूला इतकं घट्ट धरलेलं असतं की पीएच कितीही चढवा, निकेल गाळात बसत नाही. ओळखायची सोपी चाचणी आहे. एक लिटर पाणी घ्या, कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) पीएच ९.५ करा, २० मिनिटं ढवळा, ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळा. गाळलेल्या पाण्याचे काही थेंब घेऊन त्यात अमोनिया आणि डायमिथाइलग्लायॉक्साइम टाका. स्पष्ट गुलाबी-लाल रंग आला तर निकेल अजून विरघळलेलंच आहे. असं पाणी वेगळं साठवा आणि त्यासाठी डायथायोकार्बामेट किंवा सल्फाइडवर आधारित रसायन वापरा. त्याचा डोस जार टेस्टनेच (छोट्या भांड्यांत वेगवेगळे डोस करून बघून) ठरवायचा, पुरवठादाराच्या कागदावरून नाही.

क्रोम: पिवळ्याचं हिरवं करणं

क्रोमचं धुणं दिवसाला २ घनमीटर आहे आणि त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोम ६० मिग्रॅ/लिटर आहे असं धरू. म्हणजे एकूण १२० ग्रॅम. त्याचं गाळात बसणारं हिरवं क्रोम करायला एका ग्रॅमला सोडियम मेटाबायसल्फाइट २.७४ ग्रॅम लागतं, तेव्हा हिशोबाने ३३० ग्रॅम; प्रत्यक्षात ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांच्या द्रावणाचे ४-५ लिटर. इतक्या कमी पाण्यासाठी सततचा प्लँट करू नका. झाकणाची टाकी घ्या, वर एक्झॉस्ट लावा आणि बॅच करा.

सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २ ते २.५ वर आणा. ढवळत मेटाबायसल्फाइट सोडा. ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद दाखवणारा आकडा) २५०-२८० मिलिव्होल्टच्या आसपास येऊन स्थिरावला पाहिजे. हा आकडा पीएचप्रमाणे सरकतो, म्हणून पीएच न बघता नुसत्या ओआरपीवर विसंबू नका. २०-३० मिनिटं तसंच राहू द्या. पीएच ३ च्या वर गेला तर प्रक्रिया एकदम मंदावते, आणि ऑपरेटर रसायन कमी पडलं समजून आणखी ओततो. मग गंधकाचा उग्र वास येतो आणि पुढे सीओडी (पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी) वाढतो, क्रोम मात्र तसंच.

पांढऱ्या कपात नमुना घेऊन बघा. सुरुवातीला लिंबासारखा पिवळा, मधे शेवाळी, शेवटी स्वच्छ निळसर हिरवा. पातळ पाण्यात डोळा फसतो, म्हणून डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाकून खात्री करा. जांभळट गुलाबी रंग चढला तर क्रोम शिल्लक आहे. केंद्राच्या इलेक्ट्रोप्लेटिंगच्या मानकांत हेक्झाव्हॅलंट क्रोमला ०.१, एकूण क्रोमला २, निकेलला ३, जस्ताला ५ आणि सायनाइडला ०.२ मिग्रॅ/लिटर इतकीच मुभा आहे. तुमच्या एमपीसीबी (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीत, याहून कडक अट असू शकते, तीच पाळायची.

सायनाइड असेल तर त्याचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात पीएच १०.५ च्या वर ठेवून हायपोक्लोराइट, ओआरपी ३५० मिलिव्होल्टच्या पुढे. दुसऱ्यात पीएच ८ ते ८.५, ओआरपी ६०० च्या पुढे. पहिला टप्पा पूर्ण व्हायच्या आत पीएच उतरवू नका.

पीएच: सगळा खेळ अर्ध्या अंकाचा

आता हिरवं झालेलं क्रोमचं पाणी आणि बाकीचं पाणी एकत्र आणा. क्रोमचा हायड्रॉक्साइड ८.५ च्या आसपास चांगला बसतो, जस्ताचा ९ ते ९.५ ला, निकेलचा १० च्या पुढे. क्रोम आणि जस्त हे फार अल्कलीत पुन्हा विरघळतात. मिश्र पाण्यासाठी ९.३ ते ९.५ ही तडजोड आहे. घट्ट गाळणी असल्यामुळे निकेल या पीएचलाही पुरेसं खाली येतं. सेटलिंग टाकीत तरंगून जाणारे बारीक कण इथे अडतात, मेंब्रेनचा खरा फायदा हाच.

५०० लिटरच्या दोन टाक्या एकापुढे एक ठेवा, प्रत्येकीत २० मिनिटं मुक्काम मिळतो. पहिलीत पीएच ८ पर्यंत, दुसरीत अचूक. एकाच टाकीत करायला गेलात तर कॉस्टिकचा पंप सुरू-बंद होत पीएच ७ आणि ११ मध्ये झोके खातो. पीएचची प्रोब दर आठवड्याला ४, ७ आणि १० च्या बफरने तपासा. तिच्यावर हायड्रॉक्साइडचा थर बसला की ती सुस्त होते. पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये दोन मिनिटं बुडवली की मोकळी होते.

चुना स्वस्त आहे, पण इथे वापरू नका. पुढे आरओ आहे, आणि चुन्यातलं कॅल्शियम पाण्यातल्या सल्फेटशी मिळून जिप्सम तयार करतं. शेवटच्या मेंब्रेनवर तो दगडासारखा बसतो. कॉस्टिकच घ्या. तसंच पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळाचे कण एकत्र चिकटवणारं रसायन) टाकू नका. सेटलिंग टाकीला ते हवंच असतं, मेंब्रेनच्या भोकांना ते डिंकासारखं लागतं. जुन्या ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया प्लँटचा) ऑपरेटर सवयीने टाकतो, म्हणून त्याचा डोसिंग पंपच काढून ठेवा.

ट्यूब्युलर मायक्रोफिल्ट्रेशन

या कामाला पीव्हीडीएफच्या (एक टिकाऊ प्लास्टिक) नळ्यांचं मेंब्रेन बरं: ०.१ मायक्रॉन, आतला व्यास १२ मिलिमीटर किंवा जास्त. केसासारख्या होलो फायबरमध्ये हायड्रॉक्साइडचा चिखल अडकतो. ते फक्त आधी सेटलिंग झालेल्या पाण्यालाच चालतं.

डिझाइन फ्लक्स (मेंब्रेनमधून पार होणारं पाणी) ताशी दर चौरस मीटरला २०० लिटर धरा. १,२५० भागिले २०० म्हणजे ६.२५ चौरस मीटर; वर ३० टक्के राखीव धरून ८. दहा नळ्यांचं, १.८ मीटर लांब मॉड्यूल ०.६८ चौरस मीटरचं होतं, म्हणजे १२ मॉड्यूल, सहा-सहाच्या दोन ओळींत.

आता पंपाचा आकडा बघा. नळीत पाणी सेकंदाला ४ मीटर वेगाने घासत गेलं पाहिजे, तरच चिखल चिकटत नाही. १२ मिलिमीटरच्या एका नळीला त्यासाठी ताशी १.६ घनमीटर लागतं, दहा नळ्यांना १६, दोन ओळींना ३३. ताशी सव्वा घनमीटर स्वच्छ पाण्यासाठी पंप ३३ घनमीटरचा! ४ बार दाब धरून १० एचपीची मोटर. खर्च वाचवायला इथे अर्ध्या क्षमतेचा पंप लावला की पहिला महिना बरा जातो, मग नळ्या एकेक करून तुंबतात. तुंबलेल्या नळीत प्रवाहच नसतो, त्यामुळे रासायनिक धुलाईही तिथपर्यंत पोहोचत नाही. शिवाय एवढं फिरवल्याने पाणी तापतं. टाकीचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

शिरताना ४ बार, बाहेर पडताना २ बार असा दाब राहील. पाणी फिरून कॉन्सन्ट्रेशन टाकीत परत येतं आणि तिथे चिखल दाट होत जातो. ३ टक्क्यांच्या आसपास ठेवा, ५ ही वरची हद्द. लिटरच्या मापपात्रात नमुना अर्धा तास ठेवून गाळ किती बसतो ते रोज लिहा. आठवड्याभरात तुमच्या चिखलाचा अंदाज येतो. दिवसाला एकूण १ किलो धातू येत असेल तर लोखंड-फॉस्फेट धरून २ ते २.५ किलो कोरडा गाळ होतो, म्हणजे ३ टक्क्यांवर रोज ७०-८० लिटर फिल्टर प्रेसकडे काढायचे. पिकलिंगचं लोखंड जास्त असेल तर हा आकडा दुप्पटही होतो.

फ्लक्स २०० च्या वरून उतरत १२० ला आला की धुवायला घ्या, ८० ची वाट बघू नका. टाकी रिकामी करून साध्या पाण्याने चिखल काढा. ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड १ बारवर ४५ मिनिटं फिरवा. गाळलेलं पाणी बाहेर पडायचा व्हॉल्व्ह पहिली १५ मिनिटं बंद. पाणी हिरवट होऊन बाहेर येतं, तो विरघळलेला निकेल-क्रोमचा थर. पीएच ६ येईपर्यंत धुवा. मग १ टक्का कॉस्टिकमध्ये ५०० ते १,००० मिग्रॅ/लिटर हायपो (हायपोक्लोराइट) घालून तासभर फिरवा. तेल आणि ब्राइटनरचा (बाथमधल्या चमक आणणाऱ्या रसायनाचा) चिकटा यातच सुटतो. मधलं धुणं टाळलं तर ॲसिड आणि हायपो भेटून क्लोरीन वायू सुटेल. सायनाइडचं काम असलेल्या कारखान्यात ॲसिडच्या आधी सायनाइड शून्य आहे हे तपासलंच पाहिजे. वापरलेलं ॲसिड क्रोमच्या बॅचमध्ये पीएच उतरवायला कामी येतं, फेकू नका.

डिग्रीसिंगच्या टाकीत सिलिकॉनचा फेसनाशक किंवा पिकलिंगमध्ये कॅटायोनिक इन्हिबिटर (ॲसिडने धातू खाल्ला जाऊ नये म्हणून घालायचं धनभारित रसायन) वापरत असाल तर तो बदला. हे दोन्ही मेंब्रेनला असे धरतात की धुऊन सुटत नाहीत.

आरओ

मायक्रोफिल्ट्रेशनचं पाणी पीएच ९.५ चं, डोळ्यांना मिनरल वॉटरसारखं दिसतं. सल्फ्युरिकपेक्षा हायड्रोक्लोरिकने पीएच ६.५ ते ७ करा, सल्फेट वाढत नाही. मग ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज. एसडीआय (पाणी मेंब्रेन किती लवकर तुंबवेल याचा निर्देशांक) ३ च्या आत हवा: ०.४५ मायक्रॉनचा ४७ मिलिमीटर कागद, २.१ बार दाब, पहिल्या ५०० मिलिलिटरला लागलेला वेळ आणि १५ मिनिटांनंतर पुन्हा ५०० ला लागलेला वेळ. ३० आणि ५० सेकंद आले तर १ वजा ३०/५०, गुणिले १००, भागिले १५, म्हणजे २.७. चालेल. एसडीआय एकदम ५ च्या वर गेला तर एखादी नळी फाटली आहे. प्रत्येक मॉड्यूलच्या बाहेरच्या नळीला पारदर्शक तुकडा ठेवला असेल तर गढूळ कुठली ते लगेच दिसतं.

आरओला क्लोरीन ०.१ मिग्रॅ/लिटरच्या आत. आदल्या दिवशी हायपोने धुतलं असेल तर पहिलं पाणी आरओकडे नेऊच नका. हेक्झाव्हॅलंट क्रोमही आरओ मेंब्रेनचं पॉलिअमाइड खातो. मायक्रोफिल्ट्रेशननंतरचं पाणी कधी पिवळसर दिसलं तर आरओ थांबवा, बॅच परत फिरवा.

ताशी १.२५ घनमीटरातलं ७५ टक्के परत मिळवायचं म्हटलं तर ०.९४ घनमीटर. अशा पाण्याला फ्लक्स १४ च्या वर नेऊ नये, म्हणजे ६७ चौरस मीटर, ४०४० आकाराची (४ इंच व्यास, ४० इंच लांबी) ९ मेंब्रेन. दोन व्हेसल (मेंब्रेन बसवायच्या दाबनळ्या) पुढे, एक मागे, प्रत्येकीत तीन. शेवटच्या व्हेसलमधून ताशी निदान ०.७ घनमीटर वाहिलं पाहिजे, नाहीतर क्षार तिथेच बसतात. रिजेक्ट (पार न झालेलं खारट पाणी) तर ०.३१ च आहे. म्हणून उरलेलं ०.४ घनमीटर पंपाच्या सक्शनला परत फिरवा. ही छोटी पाइप न लावलेले आरओ सर्रास दिसतात आणि त्यांची शेवटची मेंब्रेन वर्षाच्या आत जाते.

येणारे क्षार २,५०० मिग्रॅ/लिटर असतील तर रिजेक्टमध्ये १०,००० च्या जवळ जातील. दाब १२ ते १६ बार. डिसेंबरच्या सकाळी पाणी १५ अंशांवर असतं तेव्हा प्रवाह कमी दिसतो. दर अंशाला सुमारे ३ टक्के. ती घाण नाही, थंडी आहे. तापमानाचा हिशोब करूनही प्रवाह १० टक्के घटला किंवा दोन टोकांमधला दाबफरक १५ टक्के वाढला तर धुवा: २ टक्के सायट्रिक ॲसिड, अर्धा तास फिरवून तासभर मुरवत, मग कॉस्टिकने पीएच ११ ते ११.५. तापमान ३५ अंशांच्या आत, दाब ४ बारच्या आत. हायपो इथे कधीच नाही.

निकेल परत बाथमध्ये

निकेलच्या धुण्यासाठी वेगळा छोटा आरओ ठेवला तर तोच खर्च काढून देतो. तो निकेल १० ग्रॅम/लिटरपर्यंत दाट करतो. त्यापुढे ऑस्मोटिक दाब आडवा येतो. बाथ ५५-६० अंशांवर असल्याने रोज पाणी उडतं. सकाळ-संध्याकाळ पट्टीने पातळी मोजा, जितकी उतरली तितकंच परत घाला. बोरिक ॲसिड आरओतून बरंचसं निसटतं, त्याची भर वेगळी घालावी लागते. आणि तांबं, जस्त, ब्राइटनरचे सडलेले अंशही निकेलबरोबर परत येतात, म्हणून कार्बन ट्रीटमेंट आणि कमी करंटचं डमी प्लेटिंग (नको असलेले धातू टाकाऊ पत्र्यावर चढवून काढणं) आधीपेक्षा लवकर करावं लागेल. लहान कारखान्याने आधी आरओ न घेता ड्रॅग-आऊट टाकीतलंच (बाथनंतरच्या पहिल्या, न वाहत्या टाकीतलं) पाणी बाथला घालून बघावं. निम्मं काम त्यातच होतं.

गाळ, रिजेक्ट आणि सुट्टी

फिल्टर प्रेसचा केक हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे छपराखाली, पक्क्या फरशीवर, ९० दिवसांच्या आत तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) पाठवायचा. रोजचं सुमारे अडीच घनमीटर रिजेक्ट कुठे जाणार हे मात्र प्लँट घेण्याआधीच ठरवा: इव्हॅपोरेटर स्वतःचा, की टँकरने सांडपाण्याच्या कॉमन केंद्राकडे. हा खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये नसतो.

दिवाळीला आठवडाभर कारखाना बंद ठेवणार असाल तर आरओ आधी ॲसिडने धुवा आणि मगच १ टक्का मेटाबायसल्फाइट भरून व्हॉल्व्ह बंद करा. लोखंड किंवा तांब्याचा अंश राहिला तर तेच मेटाबायसल्फाइट हवेच्या संगतीत मेंब्रेन जाळतं. मायक्रोफिल्ट्रेशनच्या नळ्या धुऊन पाण्याने भरलेल्या ठेवा, एकदा कोरड्या पडल्या की त्यांची भोकं मिटतात. सुरू करताना आरओचं पहिल्या तासाचं पाणी बाथकडे न नेता मागच्या टाकीत सोडा.